यंत्र थांबले, घड्याळ नाही

आमच्या प्रयोगशाळेतल्या एका जुन्या संगणकावर रात्रभर मोजणी चालत असे आणि प्रत्येक नोंदीपुढे त्याच संगणकाच्या घड्याळातली वेळ लिहिली जाई. एकदा एक बिघाड शोधण्यासाठी आम्ही लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, डीबगरने मध्येच थांबवला, दोन-चार आकडे वाचले आणि पुन्हा चालू केला. सकाळी पाहतो तो त्या क्षणापासूनच्या सगळ्या नोंदी जवळजवळ मिनिटभर मागे! दोन दिवस आम्ही एका विद्यार्थ्याने लिहिलेल्या प्रोग्रॅमला दोष देत बसलो. त्याची काहीच चूक नव्हती. दोष होता वेळेच्या हिशेबात, आणि त्याबद्दल थोडे परखडपणे लिहायला हवे.

लिनक्समध्ये असा डीबगर असावा की नसावा यावर बराच वाद झाला. सन २००० मध्ये लिनस टोर्व्हाल्ड्स यांनी त्याला विरोध केला होता. डीबगर हाताशी असला की माणूस मुळाशी न जाता वरवरची डागडुजी करतो, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता. अखेर २००८ मध्ये केजीडीबी आणि २०१० मध्ये केडीबी मूळ कर्नलमध्ये आले.

साधा प्रोग्रॅम थांबवला तर खालची प्रणाली चालूच राहते आणि वेळ सांभाळते. कर्नल थांबवला की सांभाळणाराच थांबतो. सगळे प्रोसेसर रोखून धरले जातात. पण स्फटिकाच्या कंपनांवर चालणारी मोजयंत्रे कोणाचे ऐकत नाहीत, ती मोजतच राहतात. पीसीतले एसीपीआय पीएम टायमर घ्या. ते सेकंदाला ३५,७९,५४५ ठोके मोजते. लिनक्स त्याचे २४ बिट वापरते, म्हणजे १,६७,७७,२१६ ठोके झाले की आकडा पुन्हा शून्यावर. भागाकार करून पाहा, एक फेरी सुमारे ४.६९ सेकंदांची येते. कर्नल जागा असतो तेव्हा तो दर फेरीच्या आत आकडा वाचून ठेवतो. मिनिटभर थांबवला तर १२ फेऱ्या न मोजताच निघून जातात, आणि जागा झाल्यावर त्याला वाटते की ३.७६ सेकंदच गेले. ५६ सेकंद हरवले. भिंतीवरचे बारा तासांचे घड्याळ पाहून झोपलेला माणूस तेरा तासांनी उठला तर तासच झाला म्हणेल, तसेच हे. वर्गात ‘बाकी’ शिकवताना हे उदाहरण जरूर वापरावे.

याहून गमतीची गोष्ट पुढेच आहे. प्रोसेसरच्या आत टीएससी नावाचे ६४ बिटांचे मोजयंत्र असते. सेकंदाला तीन अब्ज ठोके धरले तरी त्याची फेरी पुरी व्हायला सुमारे १९५ वर्षे लागतील. त्यावर लक्ष ठेवायला कर्नलमध्ये एक पहारेकरी असतो. तो साधारण दर अर्ध्या सेकंदाने टीएससीची तुलना दुसऱ्या मोजयंत्राशी करतो, आणि ते दुसरे बऱ्याचदा हेच पीएम टायमर असते. मिनिटभराच्या थांब्यानंतर टीएससी म्हणते ६० सेकंद, टायमर म्हणते ३.७६. पहारेकऱ्याचा विश्वास टायमरवर, म्हणून तो टीएससीला नालायक ठरवतो, आणि यंत्र पुन्हा सुरू करेपर्यंत संथ घड्याळावर चालते. खरे बोलणाऱ्यालाच शिक्षा!

यावर केलेली दुरुस्ती छोटी आहे. थांब्यातून बाहेर पडताना डीबगर तीन पहारेकऱ्यांना ‘आधीचे विसरा, नव्याने मोजा’ असे सांगतो. एक वरचा, घड्याळे तपासणारा. दुसरा प्रोसेसर अडकून पडल्याची ओरड करणारा, ज्याची मुदत सहसा २० सेकंद असते. तिसरा आरसीयू यंत्रणेतला. आम्हाला ही दुरुस्ती योग्य वाटते. ज्या साक्षीदाराचा पुरावाच बाद आहे त्याला बोलू न देणे बरोबरच. पण पहारेकरी गप्प केल्याने हरवलेले ५६ सेकंद परत येत नाहीत. घड्याळ टीएससीवर चालत असेल तर वेळ सहसा भरून निघते, पण मग दुसरी अडचण येते. थांब्यात ज्यांची मुदत टळली ते सगळे टायमर एकदम उडतात. नेहमीच्या चालीत अशी झुंबड कधी होत नाही. आणि जोडाजोडीने चालणाऱ्या दोन कामांच्या शर्यतीतला दोष आपण शोधत असलो, तर तो नेमका याच झुंबडीत नाहीसा होतो किंवा नवाच एखादा उभा राहतो. दरम्यान तारेच्या पलीकडचा संगणक थांबलेला नसतोच. तो वाट पाहून संबंध तोडूनही मोकळा होतो.

पाहायला गेले की लपणाऱ्या अशा दोषांना ‘हायझेनबग’ म्हणतात. जिम ग्रे यांच्या १९८५ च्या अहवालात हा शब्द येतो. शब्द चटकदार आहे, पण आमच्या मते त्याने नुकसानही केले आहे. हायझेनबर्गचे नाव आले की विद्यार्थी मान डोलावतो आणि शोध सोडून देतो. इथे कसली आली आहे पुंजभौतिकी? किती सेकंद हरवतील ते कागदावर आधीच काढता येते.

तर्कातली चूक किंवा कोसळलेल्या यंत्राची तपासणी यांसाठी हा डीबगर उत्तम आहे. वेळेशी संबंधित दोषांसाठी मात्र आम्ही आता एफट्रेस वापरतो. ते २००८ पासून कर्नलमध्येच आहे आणि यंत्र न थांबवता घटना क्रमाने टिपत जाते. त्यानेही यंत्राला थोडा भार पडतो, पण फेरी चुकत नाही. आणि डीबगर वापरावाच लागला तर भिंतीवरच्या घड्याळाच्या दोन वेळा, थांबवतानाची आणि सोडतानाची, नोंदवहीत लिहिल्याशिवाय कोणी कळफलकाला हात लावत नाही. ही वही ठेवायची सूचना त्या विद्यार्थ्याचीच.