साथीची पेटी आणि जॉन लॉर्ड

माझे वडील हौशी नाटकमंडळींत ऑर्गनची साथ करत. ऑर्गन म्हणजे पायाने भाता मारायचा, नाट्यसंगीताच्या पदांमागे भरून राहणारा तो ऑर्गन. नांदीपासून भैरवीपर्यंत त्यांचा हात थांबत नसे, पण प्रयोगाच्या हस्तपत्रिकेत त्यांचे नाव नेहमी तळाशी, प्रकाशयोजना आणि रंगभूषेच्याही खाली. त्यामुळे कॉलेजात असताना पुण्यात एका मित्राच्या खोलीवर ‘डीप पर्पल’ या इंग्लिश बँडची ‘मेड इन जपान’ ही कॅसेट ऐकली, तेव्हा ‘चाइल्ड इन टाइम’ सुरू होताच मी पहिला प्रश्न विचारला तो असा : ही पेटी कोण वाजवतोय? मित्र हसला. त्याच्या लेखी ते गायकाच्या किंकाळ्यांचे आणि रिची ब्लॅकमोरच्या गिटारचे गाणे होते. पेटीवाल्याचे नाव त्याला ठाऊक नव्हते. कॅसेटच्या वेष्टनावर शोधले तेव्हा मिळाले, जॉन लॉर्ड.

या लेखाचा विषय तोच माणूस आहे. रॉक संगीतावर मराठीत जे थोडेफार लिहिले गेले ते बहुधा गायक आणि गिटारवादक यांच्याभोवती फिरते. ती तक्रार मी करत बसत नाही. मला प्रश्न पडतो तो असा, की ज्या वाद्याला मींड काढता येत नाही, ते वाद्य घेऊन गिटारसारख्या मींडेवरच जगणाऱ्या वाद्यासमोर उभे राहायचे, तर वादकाने काय करायचे?

आधी त्या सुरुवातीच्या सुरावटीबद्दल. ती लॉर्डची नाही. सॅन फ्रान्सिस्कोतल्या ‘इट्स अ ब्युटिफुल डे’ नावाच्या बँडने १९६९ साली आपल्या पहिल्या रेकॉर्डवर ‘बॉम्बे कॉलिंग’ नावाची एक धून वाजवली होती. डेव्हिड लाफ्लॅमचे व्हायोलिन त्यात द्रुत लयीत धावते. त्या धुनेत मुंबईचे काय, असे कोणी विचारले तर उत्तर देणे कठीण आहे. त्या काळच्या कॅलिफोर्नियाला पूर्वेकडचे कुठलेही नाव चालत असे. डीप पर्पलच्या तालमीत लॉर्ड ही धून वाजवत बसला होता आणि ती इतरांच्या कानात बसली. लय उतरवली गेली, व्हायोलिनची धाव जाऊन ऑर्गनचे संथ, पुन्हापुन्हा तेथेच परतणारे आवर्तन आले, आणि १९७०च्या ‘इन रॉक’ या रेकॉर्डवर दहा मिनिटांहून मोठे गाणे उभे राहिले. श्रेय छापले गेले बँडच्या पाचही जणांच्या नावे. मूळ धुनेचा उल्लेख नाही. तिकडच्या मंडळींनीही मग डीप पर्पलची ‘रिंग दॅट नेक’ ही रचना उचलून वेगळ्या नावाने आपल्या पुढच्या रेकॉर्डवर घातली, म्हणजे हिशेब फिटला असे म्हणता येईल. पण आमच्या संगीत नाटकांच्या पुस्तकांत पदाच्या डोक्यावर ‘चाल’ म्हणून मूळ चिजेचा मुखडा छापत. लाज वाटण्याचे त्यात काही नव्हते, उलट गाणाऱ्याची सोय होती. ही साधी रीत लंडनच्या रेकॉर्ड कंपन्यांना सुचली नाही, हे नमूद करून पुढे जातो.

मात्र लय उतरवली एवढेच सांगून भागत नाही. व्हायोलिनवर ती धून उत्सवी वाटते. ऑर्गनवर, मंद आवाजात, तिला प्रार्थनेचा रंग येतो. गाणे युद्धाच्या भीतीचे आहे. ती भीती शब्दांच्या आधी ऑर्गन सांगून टाकतो. हे मला साथीचे फार मोठे काम वाटते. गायक येण्यापूर्वी त्याची जागा सारवून ठेवणे, असे वडील याला म्हणत.

लॉर्डचा जन्म लेस्टरचा, ९ जून १९४१. लहानपणापासून पियानोचे शास्त्रोक्त शिक्षण झाले, बाख कानात बसला, आणि पुढे जिमी स्मिथसारख्या अमेरिकन जॅझ ऑर्गनवाल्यांनी त्याला हॅमंडकडे ओढले. लंडनला तो आला नट व्हायला. नाट्यशाळेत शिकता शिकता पोटासाठी रात्री पियानो वाजवू लागला, ‘आर्टवुड्स’ या बँडमध्ये काही वर्षे काढली, आणि १९६८मध्ये ब्लॅकमोरबरोबर डीप पर्पल उभा केला. पुढची चरित्रात्मक वळणे थोडक्यात : १९७६ला बँड मोडला, लॉर्ड ‘व्हाइटस्नेक’मध्ये गेला, १९८४ला बँड पुन्हा जमला, २००२ला त्याने तो सोडला. गायक बदलले, गिटारवादक बदलले. ऑर्गन आणि इयन पेसचे ड्रम मात्र या सगळ्या घडामोडींत तेच राहिले.

आता वाद्याकडे येऊ, कारण खरी गोष्ट तिथे आहे. लॉरेन्स हॅमंडने १९३५मध्ये हा ऑर्गन बाजारात आणला तो चर्चना परवडावा म्हणून. नळ्यांचा खरा ऑर्गन बसवायचा तर इमारतच त्याच्यासाठी बांधावी लागते. हॅमंडच्या पेटाऱ्यात हवा नाही, भाता नाही. विजेच्या मोटरवर दातेरी धातूच्या चकत्या फिरतात, चुंबकाजवळून जाताना विद्युत्कंप निर्माण होतात आणि त्यांचा सूर होतो. नऊ-नऊ दांड्या ओढून-ढकलून त्या सुराचा पोत बदलता येतो. सगळे मिळून वजन दीडशे किलोच्या पुढे. त्याला जोडायचा तो लेस्ली नावाचा भोंगा फिरणारा ध्वनिक्षेपक, ज्यामुळे सूर लहरत ऐकू येतो. ही सोय अर्थातच स्थिर सुराला थोडी हालचाल द्यावी म्हणून आहे.

स्थिर सूर हा पट्टीच्या वाद्यांचा शाप आहे. आपल्याकडे या शापाची शिक्षाही झाली. आकाशवाणीने १९४० साली हार्मोनियमवर बंदी घातली ती १९७१पर्यंत. दिल्ली केंद्रावर काम करणाऱ्या जॉन फोल्ड्स या इंग्लिश संगीतकाराने पेटीविरुद्ध हिरीरीने लिहिले होते. मुद्दा असा की हिला श्रुती नाहीत, मींड नाही, ही भारतीय गळ्याला बिघडवते. मुद्दा खोटा नव्हता. पण आमच्या पेटीवाल्यांनी त्याला उत्तर दिले ते बोटांच्या चलाखीने, भात्याच्या दाबाने, दोन सुरांमधली फट कणस्वरांनी झाकून. जी मींड निघत नाही तिचा भास निर्माण करणे हीच त्यांची कला.

लॉर्डने वेगळी वाट धरली. त्याने भास निर्माण केला नाही, सुराचे टोक मोडले. लेस्ली बाजूला सारून त्याने हॅमंड थेट गिटारसाठी बनवलेल्या मार्शल अँप्लिफायरमध्ये घातला. तेवढा आवाज त्या यंत्राला पेलत नाही, सूर फाटतो, गुरगुरतो. चर्चसाठी बनलेले वाद्य गिटारच्या पट्टीत जाऊन बसते. ‘स्मोक ऑन द वॉटर’ची ती जगप्रसिद्ध सुरुवात आठवा. गिटार शिकणारा प्रत्येक मुलगा ती पहिल्याच आठवड्यात वाजवतो आणि घरच्यांचा जीव खातो. ती गिटारने सुरू होते खरी, पण थोड्याच आवर्तनांनंतर तिच्यात लॉर्डचा फाटका ऑर्गन मिसळतो, आणि पुढे तुम्ही ज्याला गिटार समजता ते निम्मे पेटीच असते. माझा तो मित्र हे आजही मान्य करत नाही.

लॉर्डची स्वतःची महत्त्वाकांक्षा वेगळीच होती. २४ सप्टेंबर १९६९ रोजी लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये त्याचा ‘कन्चेर्टो फॉर ग्रुप अँड ऑर्केस्ट्रा’ सादर झाला : रॉयल फिलहार्मोनिक वाद्यवृंद, सूत्रधार माल्कम आर्नल्ड, आणि पुढे डीप पर्पल. मी हे ध्वनिमुद्रण अनेकदा ऐकले आहे आणि दर वेळी थोडा निराश होऊन उठलो आहे. पहिल्या भागात वाद्यवृंद वाजवतो आणि थांबतो, बँड वाजवतो आणि थांबतो. दोन पाहुण्यांनी एकाच सोफ्यावर बसून आळीपाळीने बोलावे, तसे. आपल्याकडे असल्या प्रकाराला लगेच जुगलबंदी म्हणायची सवय आहे. पण जुगलबंदीत एकाची जागा दुसरा घेऊन पुढे नेतो. इथे तसे क्वचित घडते. भांडण दाखवायचे हाच रचनाकाराचा हेतू होता, हे मला मान्य आहे. पण भांडणातही एकमेकांचे ऐकावे लागते. ब्लॅकमोरला हा मार्ग नको होता. लगोलग आलेला ‘इन रॉक’ हा त्याचा विजय मानला जातो आणि लॉर्डची माघार.

मला नेमके उलटे दिसते. डिसेंबर १९७१मध्ये स्वित्झर्लंडमधल्या मॉन्त्रो येथे कॅसिनो जळाल्यावर एका बंद हॉटेलात या लोकांनी ‘मशीन हेड’ मुद्रित केला. त्यातल्या ‘हायवे स्टार’मध्ये गाणे ऐन वेगात असताना लॉर्डचा ऑर्गन सुटतो. त्याखाली सरकणाऱ्या स्वरसंगती सरळ बाखच्या घराण्यातल्या आहेत. वाद्यवृंद नाही, सूत्रधार नाही, सभागृहाची भव्यता नाही, आणि जे अल्बर्ट हॉलमध्ये तासभर जमले नव्हते ते इथे मिनिटाच्या आत जमते. ऐकणाऱ्या पोराला बाख माहीतही नसतो. तो फक्त मान हलवत असतो.

इथेच थांबलो असतो तर लेख सोपा झाला असता. पण कन्चेर्टोची पुढची हकीकत माझे मत थोडे हलवते. १९७०मध्ये त्याची मूळ स्वरलिपी हरवली. लॉर्डकडेही प्रत उरली नाही. पुढे मार्को द खूय या तरुण डच संगीतकाराने ध्वनिमुद्रण ऐकून, चित्रफीत पाहून, ती स्वरलिपी जवळजवळ सगळी पुन्हा लिहून काढली. लॉर्डने ती तपासली, काही जागा भरल्या, आणि सप्टेंबर १९९९मध्ये त्याच अल्बर्ट हॉलमध्ये, या वेळी लंडन सिम्फनीबरोबर, ती पुन्हा वाजली. लेखी परंपरेतली कृती कानाच्या आधाराने परत आली! आपल्याला यात नवल वाटू नये, आपल्या सगळ्या बंदिशी अशाच आल्या आहेत. पण १९९९चे वादन ऐकताना मला ते दोन पाहुणे सोफ्यावर जरा सरकून बसलेले वाटले. कदाचित वाद्यवृंदातले वादक आता असे होते की ज्यांनी लहानपणी डीप पर्पल ऐकला होता. कदाचित माझे कान बदलले असतील.

बँड सोडल्यावरचा लॉर्ड कमी लोक ऐकतात. २००७मध्ये डरहॅम विद्यापीठाच्या १७५व्या वर्षानिमित्त त्याने ‘डरहॅम कन्चेर्टो’ लिहिला. तो तिथल्या कॅथेड्रलमध्ये झाला, त्यात नॉर्थंब्रियाची लोकवाद्य पाइप आहे आणि हॅमंडही आहे. इथे हॅमंड गुरगुरत नाही. इतर वाद्यांत तो साथीला बसतो. ही रचना ‘मशीन हेड’इतकी मोठी नाही, असे मला प्रामाणिकपणे वाटते. तिच्यात चुकण्याची भीती नाही. लॉर्ड १६ जुलै २०१२ला गेला. रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये डीप पर्पलला जागा मिळाली २०१६मध्ये, तेव्हा तो नव्हता.

एप्रिल १९९५मध्ये डीप पर्पल मुंबईत वाजवून गेला. लॉर्ड होता. त्या कार्यक्रमाचे ध्वनिमुद्रण पुढे ‘बॉम्बे कॉलिंग’ याच नावाने बाहेर आले. मी गेलो नाही. नवी नोकरी होती, रजा नव्हती, तिकिटाला पैसेही नव्हते.

वडिलांना मात्र शेवटच्या वर्षांत एकदा ‘मेड इन जपान’मधले ‘लेझी’ ऐकवले. त्याची सुरुवात एकट्या ऑर्गनची आहे. लॉर्ड आधी पेटाऱ्याकडून नुसत्या गर्जना काढून घेतो, मग हळूच सुरात येतो. वडील डोळे मिटून ऐकत होते. ड्रम सुरू झाल्यावर त्यांनी हाताने आवाज कमी करायची खूण केली आणि म्हणाले, “अरे, ते सुरुवातीचे पुन्हा लाव. याचा डावा हात फार चांगला आहे.”