परकी भाषा, नवे शहर आणि दोन कादंबऱ्या

१८५० साली शिकागोची वस्ती तीस हजारांच्या आसपास होती. १८९० च्या खानेसुमारीत ती दहा लाखांच्या वर गेली. लोहमार्ग, कत्तलखाने आणि कारखाने यांनी ही वाढ घडविली व तिला लागणारे हात फार मोठ्या प्रमाणावर युरोपातून आले. अशा शहरातील परदेशी माणसाला वाङ्मयीन रूप कसे द्यावयाचे, या प्रश्नाला दोन अमेरिकन कादंबऱ्यांनी भिन्न उत्तरे दिली आहेत.

अप्टन सिंक्लेअर यांच्या 'द जंगल'चा (१९०६) नायक युर्गिस हा लिथुएनियन खेडूत. आरंभीचा विवाहसमारंभ विलक्षण जिवंत आहे. पुढे मात्र लेखकाला माणसापेक्षा पुरावा महत्त्वाचा वाटू लागतो. घराचा इंग्रजी करारनामा या कुटुंबाला वाचता येत नाही. परक्या भाषेत जगण्याची सारी भीती या प्रसंगात साठलेली आहे. पण सिंक्लेअर तीतून फसवणुकीची नोंद तेवढी उचलतात. अखेरीस तर युर्गिस समाजवादी व्याख्यानांचा निव्वळ श्रोता उरतो. या कादंबरीमुळे १९०६ च्या मांसतपासणी व अन्नशुद्धीच्या कायद्यांना गती मिळाली. परंतु वाचक अस्वस्थ झाला तो आपल्या ताटातील मांसामुळे, कामगाराच्या दुःखामुळे नव्हे, ही खंत स्वतः सिंक्लेअर यांनीच पुढे व्यक्त केली. कलेतील उणीव येथे हेतूच्याही आड आली, असेच म्हणावे लागते.

हेन्री रॉथ यांच्या 'कॉल इट स्लीप'मध्ये (१९३४) न्यूयॉर्कमधील एका ज्यू बालकाचे भावविश्व आहे. डेव्हिडच्या घरातील यिडिश संभाषण रॉथ निर्दोष, लयबद्ध इंग्रजीत लिहितात. रस्त्यावरची इंग्रजी मात्र मोडक्या उच्चारांसह उतरवितात. आई आणि मावशी गतकाळाविषयी बोलताना पोलिश भाषेकडे वळतात आणि मुलाच्या हाती केवळ तुटके धागे लागतात. घरात समृद्ध असलेला माणूस उंबरठ्याबाहेर मुका होतो, हे स्थलांतराचे मर्म येथे कथनाच्या घडणीतूनच प्रतीत होते.

कामगारवर्गाचा अनुभव लेखकाने आत्ममग्न कादंबरीसाठी खर्ची घातला, अशी टीका त्या काळच्या डाव्या समीक्षेने केली. शहराचे अर्थकारण रॉथ यांच्यापेक्षा सिंक्लेअर यांच्याकडून अधिक कळते, हे मान्यच केले पाहिजे. तथापि, शोषणाची यंत्रणा समजणे आणि शोषिताचे अंतरंग जाणणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. १९६० नंतर रॉथ यांची कादंबरी पुन्हा छापली गेली व तिला मोठा वाचकवर्ग लाभला, याचे कारण या दुसऱ्या गोष्टीत शोधावे लागेल.

आपल्या बहुभाषिक शहरांवर लिहिणाऱ्यांनाही हा प्रश्न टाळता येणार नाही. गिरणीत वा बांधकामावर आलेला परप्रांतीय आपल्या कादंबरीत मोडकी भाषा बोलतो, तेव्हा तो मनातही तसाच मोडका विचार करतो काय, हे लेखकाने स्वतःस विचारले पाहिजे. सहानुभूतीची खरी कसोटी तेथेच लागते.