‘भरून येणे’ : व्याधीनंतरच्या शरीराचे कथन

१

भूक नाकारणाऱ्या शरीराविषयी पाश्चात्त्य साहित्यात आणि समीक्षेत गेल्या शतकभरात विपुल लेखन झाले आहे. त्याच शरीरावर पुन्हा वजन चढू लागते तेव्हा काय घडते, याविषयीचे लेखन मात्र तुलनेने फारच थोडे आहे. ही विषमता केवळ विषयनिवडीची म्हणून सोडून देता येत नाही. ती कथनाच्या रूपबंधाशी निगडित आहे आणि तिच्या दृढीकरणात समीक्षेचाही वाटा आहे, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

प्रथम संज्ञेविषयी. १८७३-७४ च्या सुमारास पॅरिसमध्ये लासेग आणि लंडनमध्ये विल्यम गल यांनी या विकाराचे स्वतंत्रपणे वर्णन केले. त्यांपैकी गल यांचे ‘ॲनोरेक्सिया नर्व्होझा’ हे नाव रूढ झाले. ‘ॲनोरेक्सिया’ या ग्रीक मूळाच्या शब्दाचा अर्थ भुकेचा अभाव असा होतो. ‘क्षुधानाश’ हा मराठी प्रतिशब्द तीच चूक पुढे चालवतो. वस्तुतः या विकारात भूक नष्ट होत नाही. ती दाबली जाते, तिच्यावर पहारा बसवला जातो, आणि दाबलेली भूक मनाचा सारा अवकाश व्यापून राहते. म्हणून येथे ‘क्षुधादमन’ ही संज्ञा वापरली आहे.

२

क्षुधादमनाच्या आत्मकथनांना एक सिद्ध रूपबंध लाभलेला असतो. त्यात आरंभ आहे, चढत जाणारा ताण आहे, उत्कर्षबिंदू आहे. आणि या साऱ्यांना एकत्र ओवणारे एक सूत्र आहे, ते म्हणजे उतरत जाणारा आकडा. मार्या हॉर्नबाकर यांचे ‘वेस्टेड’ (१९९८) हे या प्रकारातील बहुचर्चित पुस्तक. लेखिकेची बुद्धी तल्लख आहे, ती स्वतःला क्षमा करत नाही आणि सुखान्त शेवटाला ठाम नकार देते. असे असूनही हे पुस्तक याच विकाराने ग्रस्त असलेल्या काही वाचकांनी मार्गदर्शिकेसारखे वाचले, ही त्याच्या ग्रहणेतिहासातील नोंदलेली बाब आहे. याचा दोष लेखिकेच्या हेतूवर टाकता येणार नाही. दोष आहे तो आकड्याच्या कथनशक्तीचा. उतरता आकडा कथानकाला गती देतो आणि त्याच वेळी स्पर्धेचे परिमाणही पुरवतो. सबब असे आकडे प्रस्तुत लेखात दिलेले नाहीत. त्यावाचून युक्तिवादाचे काही अडत नाही.

आता याच कथनाचा उत्तरार्ध पाहावा. आकडा चढू लागतो, पण त्या चढण्याला कथानक नसते. जेरार जेनेत यांनी १९७२ मध्ये कथनाच्या वारंवारितेचे जे विश्लेषण केले, त्याचा येथे उपयोग होतो. एकदा घडलेले एकदा सांगणे आणि अनेकदा घडलेले एकदाच सांगणे, असा भेद त्यांनी केला. व्याधी वाढत असताना प्रत्येक दिवस ‘घटना’ असतो: आज एक पदार्थ सुटला, आज एक हाड दिसू लागले. बरे होण्याच्या काळात मात्र तेच ताट, तीच वेळ, तीच भीती आणि तोच घास असतो. हे सारे ‘रोज’ या एका क्रियाविशेषणात मावते, आणि कथनाच्या दृष्टीने ‘रोज’ म्हणजे जवळजवळ काहीच नाही. म्हणूनच बहुसंख्य आत्मकथनांत या काळाला उपसंहाराची चारसहा पाने मिळतात. मरणाच्या दारात जाणे प्रकरणांतून विस्तारते आणि तेथून परत येणे परिच्छेदात उरकते.

३

पण त्या परिच्छेदात काय दडपले जाते? वैद्यकाने याची पुरेशी नोंद केलेली आहे. १९४४ च्या नोव्हेंबरात मिनेसोटा विद्यापीठात ॲन्सेल कीज यांनी युद्धात शस्त्र धरण्यास सदसद्विवेकबुद्धीने नकार देणाऱ्या ३६ तरुणांवर एक प्रयोग आरंभिला. चोवीस आठवडे अर्धपोटी ठेवल्यावर त्यांचे वजन सुमारे एकचतुर्थांशाने घटले. १९५० मध्ये प्रसिद्ध झालेल्या दोन खंडांच्या ग्रंथातील उपासमारीची वर्णने पुष्कळदा उद्धृत होतात. पुनर्भरणाच्या काळाविषयीचा भाग त्या मानाने दुर्लक्षित राहिला. पुन्हा खाऊ लागलेल्या या पुरुषांच्या शरीरात स्नायूंच्या आधी चरबी साठली, ती मूळ पातळीच्याही वर गेली, आणि कालांतराने आपोआप ओसरली. त्यांची भूकही दीर्घकाळ अनावर राहिली. यांपैकी कोणी सडपातळपणाच्या ध्यासाने उपाशी राहिला नव्हता. तरीही वजन परतताना पोट आणि नितंब यांच्यावर साचणाऱ्या चरबीने काहीजण अस्वस्थ झाले होते.

क्षुधादमनातून बरे होणाऱ्यांच्या बाबतीतही हाच क्रम दिसतो. पाय सुजतात, जठर मंदावलेले असल्याने थोड्याशा अन्नानेही पोट फुगते, रात्री घाम फुटतो. प्रारंभी मेद धडावर, विशेषतः पोटाभोवती, साठतो आणि हातपाय काटकुळेच राहतात. तो सर्वांगी नीट वाटला जाण्यास बहुधा वर्षभर किंवा अधिक काळ लागतो, आणि तोही वजन टिकवून धरले तरच. म्हणजे ज्या गोष्टीची रुग्णाला सर्वाधिक धास्ती असते, नेमकी तीच उपचाराच्या पहिल्या पर्वात आरशात दिसते. याच टप्प्यावर अनेकांचा निश्चय ढळतो. हा टप्पा तात्पुरता आहे, हे ज्ञान त्या वेळी औषधाइतकेच मोलाचे ठरते. आणि नेमक्या याच टप्प्याला कथन नाही.

मिखाइल बाख्तिन यांनी राब्लेवरील ग्रंथात (१९६५) अभिजात आणि विरूप अशा दोन शरीरकल्पना मांडल्या. अभिजात शरीर पूर्ण, बंद आणि गुळगुळीत असते. विरूप शरीर उघडे, अपूर्ण, फुगणारे आणि घडत असलेले असते. क्षुधादमनाचा आदर्श हा अभिजात शरीराचा पराकोटीचा अवतार म्हणता येईल: आत काही जाऊ नये, बाहेर काही येऊ नये. बरे होणारे शरीर त्याउलट बाख्तिनच्या अर्थाने विरूप आहे. मात्र एक भेद विसरता येत नाही. बाख्तिनचे विरूप शरीर उत्सवाचे, समूहाचे आणि हास्याचे असते. बरे होणारे शरीर ताटासमोर एकटे बसलेले असते. विरूपतेचा गौरव करणारा सिद्धान्त येथे जसाच्या तसा लावणे म्हणजे त्या एकटेपणाकडे पाठ फिरवणे होय.

४

समीक्षेचा वाटा कोणता, हे आता पाहता येईल. काफ्काच्या ‘भूक-कलावंत’ या १९२२ च्या कथेपासून भूक आणि कला यांचे समीकरण आधुनिकतावादी संवेदनेत रुजलेले आहे. त्या कथेच्या शेवटाकडे पुरेसे लक्ष दिले जात नाही. कलावंत मरतो आणि त्याच्या पिंजऱ्यात एक तरुण पँथर आणून सोडला जातो. तो मनसोक्त खातो, आणि त्याच्या शरीरात जगण्याचा आनंद ओसंडत असतो. भरलेले शरीर कथेत येते खरे. पण ते कलावंताला मिळत नाही, एका पशूला मिळते. उपाशी कलावंत स्वतःच भरून येईल, ही शक्यता कथा विचारातच घेत नाही.

लुईस ग्लुक यांच्या १९८० च्या संग्रहातील ‘डेडिकेशन टू हंगर’ ही कविता देह तासून काढण्याची प्रेरणा आणि कविता रचण्याची प्रेरणा यांना एकाच ओळीत बसवते. तिची काव्यात्म ताकद निर्विवाद आहे. तथापि याच कवयित्रीने १९९४ च्या निबंधसंग्रहात स्वतःच्या विकाराविषयी आणि सात वर्षांच्या मनोविश्लेषणाविषयी जे सांगितले, ते त्या कवितेशेजारी ठेवून वाचले पाहिजे. बरे झाल्यास आपले लेखनच संपेल अशी भीती त्यांना वाटे; आणि प्रत्यक्षात त्या उपचाराने आपल्याला विचार करायला शिकवले, असे त्या म्हणतात. २०२० चे नोबेल पारितोषिक ज्या काव्यसंभाराला मिळाले, तो जवळजवळ सारा त्या बरे होण्यानंतरचा आहे. भुकेतून कविता जन्मते असे मानणाऱ्यांना हा चरित्रात्मक पुरावा अडचणीचा ठरावा.

स्त्रीवादी समीक्षेने या विकाराला व्यक्तिगत लहरीच्या कप्प्यातून बाहेर काढून संस्कृतीच्या चौकटीत आणले, हे तिचे मोठे ऋण आहे. परंतु तेथेही एक पेच आहे. सुझी ऑर्बाक यांच्या १९८६ च्या ग्रंथाचे शीर्षकच या विकाराला ‘उपोषण’ म्हणते, म्हणजेच त्याकडे प्रतिकार म्हणून पाहते. ऑर्बाक स्वतः उपचारक असल्याने बरे होण्याचा प्रश्न त्या टाळत नाहीत. आणि सुझन बोर्डो यांनी १९९३ मध्ये हा प्रतिकार ज्या व्यवस्थेविरुद्ध असतो तिचेच काम करतो, असे नेमके दाखवले. तरीही हे रूपक सैलपणे वापरणाऱ्या उत्तरकालीन समीक्षेत एक तार्किक परिणाम नकळत शिरतो. न खाणे हा प्रतिकार असेल, तर खाणे म्हणजे शरणागती ठरते. आणि वजन वाढणे हे पराभवाचे चिन्ह ठरते. रुग्णाच्या डोक्यातील आवाजही तिला हेच सांगत असतो. समीक्षेने त्या आवाजाला परिभाषा पुरवावी काय, हा प्रश्न गंभीर आहे.

साहित्यावर उपचाराचे ओझे लादले जात आहे, असा आक्षेप येथे घेतला जाईल. लेखकाने काय लिहावे हे सांगण्याचा हा प्रयत्न नाही. कवितेला तिचे रूपक वापरण्याचा अधिकार आहे. समीक्षेचे काम मात्र ते रूपक उलगडून पाहण्याचे आहे, त्यावर श्रद्धा ठेवण्याचे नव्हे.

५

आर्थर फ्रँक यांनी १९९५ मध्ये आजाराच्या कथनांचे तीन प्रकार सांगितले: पूर्वस्थिती परत मिळवण्याचे, अराजकाचे आणि शोधाचे. यांपैकी कोणताही प्रकार येथे पुरा पडत नाही. पहिल्याचे गृहीतक असे, की आजारापूर्वीचे एक निरोगी शरीर होते आणि तेथे परतायचे आहे. पण हा विकार बहुधा वयात येण्याच्या काळात जडतो. तेराव्या वर्षी आजारी पडून बाविसाव्या वर्षी बऱ्या होणाऱ्या स्त्रीने परतायचे कोठे? तिला लाभणारे शरीर तिचे पूर्वी कधीच नव्हते. ते तिचे पहिलेच प्रौढ शरीर असते. अराजकाचे कथनही लागू पडत नाही, कारण हे दिवस कमालीचे आखीव असतात. आणि शोधाचे कथन वजनवाढीचे तात्काळ ‘बोधा’त रूपांतर करून शरीराला पुन्हा एकदा अर्थाच्या चाकरीस लावते.

एमी लियू यांची दोन पुस्तके या संदर्भात निर्णायक वाटतात. १९७९ चे ‘सॉलिटेअर’ ऐन पंचविशीत, आपण या विकारावर मात केली आहे अशा समजुतीने लिहिलेले आहे. २००७ चे ‘गेनिंग’ ही त्या समजुतीची फेरतपासणी आहे. मधल्या काळात, चाळिशीनंतर, वैवाहिक आयुष्य विसकटत असताना लेखिकेचे खाणे पुन्हा आटले होते. म्हणून ती एकटीची गोष्ट सांगणे सोडते. इतरांना भेटते, संशोधकांना विचारते आणि ‘बरे होणे’ म्हणजे काय असे विचारते. वजन परतले तरी परिपूर्णतेचा हट्ट आणि आत्मनिग्रहाची सवय काम, नाती, व्यायाम अशा अन्य क्षेत्रांत वस्ती करून राहतात, असे तिला आढळते. वजन वाढणे ही बरे होण्याची अट आहे. ते बरे होण्याचा शेवट नव्हे. पहिल्या पुस्तकाची एकतानता दुसऱ्यात नाही. ते पसरट आहे, पुनरुक्त आहे, अनेक आवाजांनी भरलेले आहे. रूढ निकषांनी हा रचनेचा दोष ठरेल. माझ्या मते तो आशयाशी प्रामाणिक राहण्याचा परिणाम आहे.

अशा कथनाला नाव देण्यासाठी आपल्या परंपरेतील एक भेद उपयोगी पडावा. मीमांसक कर्माचे नित्य, नैमित्तिक आणि काम्य असे प्रकार करतात. नैमित्तिक कर्माला प्रसंग लागतो, काम्य कर्माला फलाची इच्छा लागते. नित्य कर्म वेळ झाली म्हणून करायचे असते. बरे होण्याच्या काळातील जेवण नित्य या वर्गात बसते. भुकेच्या संवेदनांवर अजून भरवसा ठेवता येत नाही. इच्छा तर विरोधातच असते. तरी वेळ झाली म्हणून जेवायचे. कथनमीमांसा आजवर प्रसंग आणि इच्छा यांवर उभी राहिली आहे. नित्याचे कथन कसे करावे, हा तिच्यापुढील प्रश्न आहे.

६

‘गेनिंग’ या शीर्षकात वजन वाढणे आणि काही कमावणे हे दोन्ही अर्थ आहेत. ते मराठीत आणताना आपल्या भाषेचे दोन्ही स्वभाव उघडे पडतात. ‘तब्येत सुधारली हो तुमची!’ या उद्गारात आपण आरोग्य आणि लठ्ठपणा यांची सरमिसळ करून ठेवली आहे. कौतुक आणि टोमणा एकाच वाक्यात राहतात. बऱ्या होणाऱ्या मुलीला घरच्या कार्यात हे वाक्य ऐकावे लागते तेव्हा बोलणाऱ्याचा हेतू चांगला असूनही तिला त्यातला दुसराच अर्थ ऐकू जातो. याउलट ‘भरणे’ या धातूकडे पाहावे. अंग भरते, कणीस भरते, आभाळ भरून येते, ऊर भरून येतो. आणि जखमही भरून येते. शरीराचे वाढणे आणि जखमेचे बरे होणे यांसाठी मराठीने एकच क्रियापद राखले आहे. त्यात पूर्वस्थितीचा आग्रह नाही, कारण भरून आलेल्या जखमेच्या जागी नवी त्वचा असते. त्यात पराभवही नाही.

आपल्या विद्यापीठीय अभ्यासक्रमांत शरीर आणि साहित्य हा विषय आता रुळला आहे. वर्गात बसलेल्यांपैकी कोणी या विकारातून जात असेल, ही शक्यता गृहीत धरूनच तो शिकवला पाहिजे. भुकेच्या रूपकांचे विवेचन आपण करतोच. त्याबरोबरच हे विचारणे आवश्यक आहे, की संहितेत शरीर पुन्हा भरू लागते तेव्हा तिला किती पाने मिळतात, कोणती क्रियापदे मिळतात, आणि ती पाने कमी पडत असतील तर त्याचे कारण अनुभवात आहे की रूपबंधाविषयीच्या आपल्या अभिरुचीत.