‘बदल’ कोणाचे? : एका संवादचौकटीचा अर्थविचार

मायक्रोसॉफ्टने १९९२ साली प्रसिद्ध केलेल्या ‘ॲक्सेस’ या माहितीसंग्रह-प्रणालीत एकच नोंद दोघे एकाच वेळी दुरुस्त करीत असण्याचा प्रसंग उद्भवतो. नोंदीला कुलूप न घालण्याची व्यवस्था स्वीकारलेली असल्यास, मागाहून जतन करू पाहणाऱ्यापुढे एक संवादचौकट उभी राहते. तीत तीन बटणे असतात : ‘सेव्ह रेकॉर्ड’, ‘कॉपी टू क्लिपबोर्ड’ आणि ‘ड्रॉप चेंजेस’. भाषादृष्ट्या ही तिन्ही वचने सदोष आहेत.

वाक्यार्थबोधास आकांक्षा, योग्यता आणि सन्निधी आवश्यक होत, असे आपल्या प्राचीन मीमांसकांनी व नैयायिकांनी प्रतिपादिले आहे. ‘ड्रॉप चेंजेस’ म्हणजे बदल टाकून द्या, परंतु कोणाचे? बदल तर दोघांनीही केलेले आहेत. प्रणालीला बटण दाबणाऱ्याचेच बदल अभिप्रेत असतात. पण षष्ठ्यन्त पद अध्याहृत राहिल्याने वाचकाची आकांक्षा अतृप्तच राहते. ‘सेव्ह’ हे पद याहून फसवे आहे. जतन करणे ही एरवी हितकर क्रिया. येथे मात्र तिच्यायोगे सहकाऱ्याने नुकतेच लिहिलेले पुसले जाते. उलट ‘ड्रॉप’ हा शब्द एसक्यूएलमध्ये संपूर्ण तक्ता नष्ट करणाऱ्या आज्ञेचा आहे. म्हणजे घातक कृतीला सौम्य नाव आणि सहकाऱ्याच्या लेखनास धक्का न लावणाऱ्या कृतीला भयसूचक नाव, असा हा विपर्यास होय. ‘कॉपी’ही केवळ नक्कल घेऊन थांबत नाही, ती पडद्यावर सहकाऱ्याची मूल्ये आणून ठेवते.

बटणांवरील मजकुरात हा धोका सांगितलेला आहे, असा आक्षेप कोणी घेईल. तो खरा आहे. परंतु येथेच सन्निधीचा प्रश्न येतो. कामाच्या घाईत दृष्टी परिच्छेदावरून घसरते आणि बटणावरील शब्दांवर स्थिरावते. निर्णय तेथेच होतो; म्हणून अर्थही तेथेच पूर्ण झाला पाहिजे.

एका कारकुनाने विद्यार्थ्याचा नवा पत्ता नोंदवावा आणि दुसऱ्याने त्याच रकान्यात जुनाच पत्ता किंचित सुधारून ‘सेव्ह’ दाबावे, तर नवा पत्ता नाहीसा होतो आणि पहिल्याला त्याची वार्ताही लागत नाही. ‘माझे बदल ठेवा, दुसऱ्याचे पुसा’ आणि ‘दुसऱ्याचे बदल ठेवा, माझे सोडा’ अशी नावे लांब खरी. पण त्यांत कर्ता, कर्म आणि स्वामित्व तिन्ही स्पष्ट आहेत. लाघव हा गुण खरा, पण तो अर्थाचा बळी देऊन साधावयाचा नसतो.