झगमगाट कोणाचा?

भपकेदार, नाटकी पोशाखाचे दिवस पुन्हा आले आहेत. साधेपणाची टूम मागे पडली. भरजरी लेहंगे, कोपरापर्यंत बांगड्या, गळाभर काळपट चांदीच्या माळा यांची चलती आहे. आग्रा रोडवरच्या आमच्या नरडाण्यातही लग्नसराईत हेच दिसते. ही नुसती हौस म्हणून सोडून देणे मला मान्य नाही. आपल्या समाजात वस्त्र हा केवळ हौसेचा विषय कधीच नव्हता.

मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायाने चांडाळाला प्रेतावरची वस्त्रे आणि लोखंडाचे दागिने नेमून दिले. अंगावर काय असावे हे जातीने ठरवले होते. म्हणूनच डिसेंबर १९२७ मध्ये महाडला, जिथे मनुस्मृती जाळली त्याच परिषदेत, बाबासाहेब स्त्रियांशी नेसण आणि दागिने यांविषयी बोलले. अस्पृश्यतेची खूण सांगणारी आखूड नेसण आणि चांदी-कथलाचे ओझे टाका, असा त्यांचा उपदेश होता.

आज त्याच घडणीचे दागिने ‘ऑक्सिडाइज्ड’, ‘ट्रायबल’ अशा नावांनी काचेच्या कपाटात मांडले जातात. ज्या अंगांवर ते हीनतेची खूण होते, त्या अंगांचा मात्र कुठे उल्लेख नसतो. खूण उचलली आणि इतिहास गाळला! माझा आक्षेप झगमगाटाला नाही, या गाळण्याला आहे.

झगमगाट बंडही असू शकतो. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमने २०२५ मध्ये कृष्णवर्णीयांच्या पोशाखशैलीचे प्रदर्शन भरवले. त्यामागे मोनिका मिलर यांचा २००९ चा ग्रंथ होता. मालकाने स्वतःची श्रीमंती मिरवण्यासाठी गुलामाला नटवले. पुढे त्याच नटण्यातून कृष्णवर्णीयांनी आपले माणूसपण ठणकावून सांगितले. बाबासाहेबांच्या सुटाचा अर्थ जाणणाऱ्यांना हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. गावोगावच्या पुतळ्यांवर तोच निळा कोट आहे. देशात आजही घोड्यावरच्या दलित नवरदेवाची वरात अडवली जाते, कारण त्याचा फेटा कोणाची तरी मक्तेदारी मोडतो.

पण हा प्रश्न आपल्यालाही चुकत नाही. कर्ज काढून एका दिवसासाठी राजा-राणी होणारे आपलेही तरुण आहेत. मान ताठ करणारा पोशाख वेगळा आणि सावकारापुढे मान वाकवणारा पोशाख वेगळा. दोन्हींना स्वाभिमान म्हणणे ही स्वतःची फसवणूक आहे.

म्हणून पोशाखाच्या समीक्षकाने जर आणि कलाकुसर नंतर पाहावी. हे कोणी ल्यावे, कोणी लेऊ नये, हे ठरवते कोण? आधी याचे उत्तर मागावे.