‘नव्या’ची पत्रिका आणि घराचा उंबरठा : मुक्तिबोधांच्या ‘डायरी’चे एक मराठी वाचन

गजानन माधव मुक्तिबोध (1917–1964) यांचे ‘एक साहित्यिक की डायरी’ हे पुस्तक भारतीय ज्ञानपीठाने 1964 मध्ये प्रकाशित केले. त्यातील बहुतेक लेखन त्यापूर्वी जबलपूरहून हरिशंकर परसाई काढत असलेल्या ‘वसुधा’ या मासिकात आलेले होते. पुस्तकाचे नाव ‘डायरी’ असले तरी रूढ अर्थाने ती रोजनिशी नव्हे. तिच्यात दिनांकांची नोंद नाही, खाजगी कबुलीजबाब नाही, दिवसाचा हिशेब तर नाहीच. आहेत ते संवाद. कधी केशव नावाच्या जुन्या मित्राशी, कधी दीर्घकाळाने भेटलेल्या परिचिताशी, आणि पुष्कळदा स्वतःतल्याच एका प्रतिपक्षाशी. हिंदी समीक्षेने या पुस्तकाकडे प्रामुख्याने काव्यशास्त्र म्हणून पाहिले. ‘तीसरा क्षण’ या लेखातील उत्कट जीवनानुभवाचा क्षण, त्या अनुभवाने स्वतःच्या दुखऱ्या मुळांपासून अलग होऊन फँटसीचे रूप घेण्याचा क्षण आणि त्या फँटसीच्या शब्दबद्ध होण्याचा क्षण ही त्रयी अध्यापनात इतकी रुळली, की उरलेली डायरी तिच्या सावलीत गेली. त्या उरलेल्या भागात घर आहे.

मराठी समीक्षेतील मुक्तिबोधांचे स्थान काहीसे चमत्कारिक आहे. त्यांचा उल्लेख होतो तो ‘नवी मळवाट’ (1949) व ‘यात्रिक’ (1957) या संग्रहांचे कवी आणि 1979 चा साहित्य अकादमी पुरस्कार लाभलेल्या ‘सृष्टी, सौंदर्य आणि साहित्यमूल्य’चे कर्ते शरच्चंद्र मुक्तिबोध यांचे वडील बंधू म्हणून, किंवा मग ‘हिंदीने पळवलेला मराठी माणूस’ अशा स्वरात. दुसऱ्या उल्लेखातील अभिमान निरर्थक आहे. अज्ञेयांनी संपादित केलेल्या ‘तार सप्तक’मधील (1943) सात कवींपैकी दोघे, मुक्तिबोध आणि प्रभाकर माचवे, मराठी मातृभाषेच्या घरांतले होते. ग्वाल्हेर, उज्जैन, इंदूर या पट्ट्यात ही घटना अपवादात्मक नव्हती. तिथे भाषा बदलणे म्हणजे घर सोडणे नव्हते. घरातच दोन भाषा नांदत होत्या. मुक्तिबोधांच्या आई पार्वतीबाई हिंदी वातावरणात वाढलेल्या. प्रेमचंद आणि हरि नारायण आपटे हे दोघेही त्यांच्या आवडीचे लेखक. प्रेमचंदांविषयीची आपली भक्ती आईने रुजवली, असे मुक्तिबोधांनी स्वतंत्र लेख लिहून नोंदवले आहे. तौलनिक साहित्याच्या अभ्यासकाला ‘प्रभाव’ या संज्ञेखाली जे शोधावे लागते, ते इथे एका स्त्रीच्या वाचनात आधीच एकत्र आलेले आहे. त्यासाठी कोणत्याही वाङ्मयीन चळवळीची मध्यस्थी लागली नाही.

ही पार्श्वभूमी ध्यानात घेतली म्हणजे ‘नये की जन्म कुंडली’ या दोन भागांतील लेखाचे वजन कळते. त्यातील निवेदक एका जुन्या मित्राला भेटतो. हा मित्र एकेकाळी ‘असामान्य’ होता, म्हणजे एखाद्या विचारासाठी स्वतःवर आणि इतरांवर निर्दय होऊ शकणारा. निवेदक स्वतःला ‘सामान्य’ म्हणवतो, आणि त्या म्हणवण्यात थोडी सल आहे. दोघांच्या बोलण्यातून मित्र एक अनपेक्षित विधान पुढे आणतो : गेल्या वीस वर्षांतील सर्वांत मोठी घटना कोणती, तर संयुक्त कुटुंबाचा ऱ्हास. ज्या वीस वर्षांत महायुद्ध, स्वातंत्र्य आणि फाळणी घडली, त्या वर्षांविषयीचे हे विधान आहे, आणि ते साम्यवादी विचाराशी बांधील असलेल्या लेखकाने आपल्या पात्राच्या तोंडी घातलेले आहे. त्यामागील तर्क असा : समाजात वर्ग आहेत, वर्गांत श्रेणी आहेत, श्रेणींत कुटुंबे आहेत, समाजातले चांगले-वाईट कुटुंबातच व्यक्त होते, माणसाचे चरित्र तिथेच घडते. आणि राजकारणाने, तसेच साहित्याने, नेमके याच ठिकाणी हात आखडला. अन्यायी व्यवस्थेला आव्हान दिले गेले ते घराबाहेर; घरात मात्र जुळवून घेतले गेले. परिणामी धर्मभावना गेली, पण वैज्ञानिक बुद्धी आली नाही. जुने परत येणार नाही, आणि नव्याने त्याची जागा घेतलेली नाही.

मराठीत याच काळात कुटुंबावर चिंतन होत नव्हते असे नाही. फडके-काणेकरांच्या लघुनिबंधात घर येत होते. पण ते बहुधा गप्पांचे निमित्त म्हणून, त्याचा ताण कधी निबंधाच्या प्रसन्नतेला धक्का लावत नसे. खरी तुलना करायची तर इरावती कर्वे यांच्याशी करावी लागते. ‘परिपूर्ती’ (1949) या संग्रहाच्या शीर्षकलेखात सभेत होणारा आपला परिचय त्या गंमतीने नोंदवतात : अमक्यांची सून, तमक्यांची पत्नी, आणि तरीही काहीतरी राहून गेल्याची रुखरुख. ती संपते रस्त्यावरच्या मुलांनी त्यांना आपल्या वर्गमित्राची आई म्हणून ओळखल्यावर. चारच वर्षांनी, 1953 मध्ये, याच लेखिकेने भारतातील नातेसंबंधांवरील आपल्या इंग्रजी ग्रंथात संयुक्त कुटुंबाची व्याख्या दिली : एक छप्पर, एक चूल, सामाईक मालमत्ता, सामाईक कुलाचार. शास्त्रज्ञ इरावतीबाई चूल मोजतात. ललितलेखिका इरावतीबाई त्या चुलीभोवतीच्या नात्यांत ‘मी’ कुठे बसतो ते पाहतात. दोन्ही ठिकाणी कुटुंब हे एक जाळे आहे, त्यात अडकण्याचे दुःख आणि धरले जाण्याचे सुख एकत्र आहे. मुक्तिबोधांच्या लेखी ते जाळे नसून रणभूमी आहे, आणि तिथली लढाई कोणी लढलीच नाही ही त्यांची तक्रार आहे.

ही तक्रार मार्मिक आहे. पण ती त्यांच्याच पुस्तकालाही लागू होते. डायरीतील वादविवाद पुरुष करतात. एका लेखाचे शीर्षक ‘एक मित्र की पत्नी का प्रश्नचिह्न’ असे आहे. शीर्षकात तिच्या वाट्याला प्रश्नचिन्ह आले, नाव नाही आले. घर ही मूलभूत संस्था आहे हे ज्या पुस्तकाने इतक्या जोराने मांडले, त्यात घर चालवणाऱ्या व्यक्तीचा आवाज प्रामुख्याने परस्थ राहावा, यात काळाचा दोष थोडा आणि संवाद या रूपाचा जास्त आहे. प्रतिपक्ष म्हणून मुक्तिबोधांना तुल्यबळ बुद्धिवादी लागतो. इरावतीबाईंना तशी गरज पडत नाही. रस्त्यावरची शाळकरी मुलेही त्यांना पुरतात.

मुक्तिबोधांना जून 1964 मध्ये बेशुद्धावस्थेत दिल्लीला आणले गेले आणि 11 सप्टेंबर रोजी तिथेच त्यांचे निधन झाले. यमुनेपलीकडील नोएडा त्या वेळी अस्तित्वात नव्हते. ते 1976 मध्ये वसवले गेले, आणि त्याचे नावही एका औद्योगिक विकास प्राधिकरणाच्या इंग्रजी आद्याक्षरांचे. ‘नये की जन्म कुंडली’च्या वाचनाला याहून अनुरूप शहर शोधून सापडणार नाही. पिढीजात वाडा, आळी, कुलदैवताचा देव्हारा यांपैकी काहीही मागे नसलेली वस्ती, सदनिकांचे मनोरे, नोकरीनिमित्त आलेली, दोन-तीन माणसांची कुटुंबे. त्यांत मराठी कुटुंबेही आहेत. त्यांच्या मुलांना शाळेत मराठी सहसा भेटत नाही. पण 2005 च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यानंतर अकरावीसाठी निघालेल्या ‘अंतरा’ या हिंदी पाठ्यपुस्तकात याच लेखाचा पहिला भाग समाविष्ट झाला होता. म्हणजे संयुक्त कुटुंबाच्या ऱ्हासावरचे एका मराठी घरातील लेखकाचे चिंतन नोएडातील मराठी मुलापर्यंत पोहोचण्याची वाट हिंदीतून, आणि तीही परीक्षेच्या प्रश्नोत्तरांतून गेली. ‘ही घटना महान का?’ या प्रश्नाचे उत्तर जो विद्यार्थी लिहितो, त्याने संयुक्त कुटुंब बहुधा दिवाळीच्या सुटीपुरतेच पाहिलेले असते. मुक्तिबोधांच्या मित्राने ज्याला घटना म्हटले, ती त्याच्यासाठी केवळ परिस्थिती आहे. लेखातील वेदना त्याला माहितीसारखी वाटली, तर दोष त्याचा नाही.

असा वाचक समोर ठेवूनच डायरीच्या मराठी भाषांतराचा विचार करावा लागतो. वरवर पाहता ते सोपे आहे. ‘डबरे पर सूरज का बिम्ब’मधला ‘डबरा’ मराठी कानाला परका नाही, आणि ‘वीरकर’ हे तर एका लेखाचे शीर्षकच आहे. अडचण सारख्या दिसणाऱ्या शब्दांची आहे. ‘जन्म कुंडली’ला मराठी घरात ‘पत्रिका’ म्हणतात, आणि हिंदीत ‘पत्रिका’ म्हणजे नियतकालिक. मासिकात लिहिणाऱ्या मुक्तिबोधांना हा श्लेष आवडला असता. अधिक गंभीर प्रश्न ‘परिवार’चा. मराठीत ‘परिवार’ म्हटले की अनुयायांचा मेळा, गोतावळा डोळ्यांसमोर येतो. ‘कुटुंब’ घ्यावे, तर जुन्या मराठीत, विशेषतः हरिभाऊंच्या काळातील बोलण्यात, नवरा ‘आमचे कुटुंब’ म्हणतो तेव्हा त्याला अभिप्रेत असते ती बायको. मुक्तिबोधांच्या वाक्यात समाजाचा पाया म्हणून आलेला शब्द मराठीत उतरताना त्या घरातील निनावी स्त्रीकडे बोट दाखवू लागतो.