‘शारदा’ पुन्हा वाचताना : टिकलेलं घर आणि सुरक्षित मूल

गोविंद बल्लाळ देवलांचं ‘संगीत शारदा’ 1899 साली किर्लोस्कर मंडळीनं प्रथम रंगभूमीवर आणलं, तेही आपल्या इंदुरात. हा मान आपण इंदूरकर मंडळी अभिमानानं सांगतो. नाटक मात्र फारसं कुणी वाचत नाही. पदं गुणगुणतो, झालं.

आपल्या मंडळात जुन्या कुटुंबांचा विषय निघाला की एक वाक्य हमखास येतं : ‘तेव्हा लग्नं टिकत होती, म्हणून मुलं सुखात होती.’ या वाक्यातला पहिला भाग मी मान्य करतो. दुसऱ्या भागासाठी ‘शारदा’ वाचावं.

कांचनभट आणि इंदिराकाकूंचं लग्न मोडलेलं नाही. घर उभं आहे, देवधर्म चालू आहे. याच घरात बाप पैशासाठी पोटची पोर पंचाहत्तरीच्या भुजंगनाथाला द्यायला निघतो. आईला हे पसंत नाही. ती नवऱ्याशी वाद घालते, गयावया करते, पण तिच्या ‘नाही’ला त्या घरात किंमत नाही. माझ्या मते नाटकाचा गाभा इथं आहे. भुजंगनाथाच्या फजितीवर आपण हसतो, आणि त्या हसण्यात इंदिराकाकू नजरेआड होते. लग्न टिकणं ही एक गोष्ट, आणि त्या लग्नात आईचा शब्द चालणं ही दुसरी. लेकराचं भलं बहुतेक वेळा या दुसरीवर अवलंबून असतं.

आता नाटकाच्या उण्या बाजूकडे येतो. हे लग्न मोडतं कशामुळे? वयामुळे नाही, कन्याविक्रयामुळेही नाही. वधूवर सगोत्र निघतात, म्हणून. म्हणजे भुजंगनाथाचं गोत्र वेगळं असतं तर शारदा सुटली नसती! पुढं तिच्या आयुष्याचा मार्ग लागतो तोही शंकराचार्यांच्या संमतीनं, कोदंडाशी लग्न होऊन. काहींना ही देवलांची माघार वाटते. मला तसं वाटत नाही. 1899 च्या प्रेक्षकाला पटेल असं दुसरं कोणतं कारण देवलांच्या हाती होतं? पण मुलीला वाचवायला ‘ती लहान आहे’ एवढं म्हणणं पुरत नव्हतं, ही गोष्ट त्यातून उघडी पडते. हा दोष नाटकाचा कमी आणि काळाचा जास्त.

ते कारण कायद्यात हळूहळू आलं. शेजारच्या बडोदे संस्थानात सयाजीराव महाराजांनी 1904 मध्ये बालविवाह प्रतिबंधक कायदा केला. मुलीचं किमान वय 12, मुलाचं 16. ब्रिटिश हिंदुस्थानात 1929 चा कायदा आला. त्यात मुलीला 14, मुलाला 18. हाच ‘सारडा कायदा’. आपल्याकडे त्याला ‘शारदा कायदा’ म्हणतात आणि तो या नाटकावरून पडलेला समज करून घेतात. नाव हरबिलास सारडांचं आहे, देवलांच्या नायिकेचं नव्हे. गंमत पुढंच आहे : सगोत्र विवाहाची आडकाठी 1946 च्या कायद्यानं गेली. ज्या अडथळ्यानं शारदा वाचली तो उरला नाही. तोवर वयाचा अडथळा उभा राहिला होता, एवढंच नशीब.

बडोद्यानं तर 1931 मध्ये हिंदूंना घटस्फोटाचाही कायदा दिला. कुटुंब टिकावं असं वाटणाऱ्या राजाला लग्नातून बाहेर पडायची वाटही ठेवावीशी वाटली, हे ध्यानात घेण्यासारखं आहे.

लग्नसंस्थेला नावं ठेवायला मी हे लिहीत नाही. आईबाप एका घरात, एका विचारानं असले तर मुलांना आधार असतो, हे कोण नाकारेल? पण नुसत्या टिकण्याला आपण सुखाचा दाखला समजतो, ते चुकतं.

मंडळातल्या सभासदांना एक सुचवतो. आपापल्या घरचा कुलवृत्तांत काढून बघा. ‘प्रथम पत्नी’, ‘द्वितीय पत्नी’, क्वचित ‘तृतीय’ असं छापलेलं सापडेल. त्यापुढं लग्नाच्या वेळचं तिचं वय, जमल्यास तिचं माहेरचं नाव आणि तिच्या मुलांपैकी जगली किती, हे घरच्या वडीलधाऱ्यांना विचारून लिहून ठेवा. विचारायला माणसं आहेत तोवरच हे होईल.